शून्य रुपयांचे तिकीट

प्रस्तावना

कामासाठी घराबाहेर पडणाऱ्या माणसाचा दिवस पुष्कळदा बसथांब्यावर सुरू होतो. बस वेळेवर आली, तर काम वेळेवर होते. बस चुकली, तर कधी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते, कधी मालकाची बोलणी खावी लागतात. तिकिटासाठी मोजलेले पैसे संपन्न माणसाच्या लक्षातही राहत नाहीत. ज्याचे पोट हातावर आहे, त्याला मात्र ते तोंडपाठ असतात. म्हणूनच बसच्या भाड्यात किंवा फेऱ्यांत थोडासा बदल झाला, तरी तो हजारो घरांच्या हिशेबात उमटतो.

२०२१ साली तमिळनाडू राज्याने शहरी साध्या बसगाड्यांतून महिलांना मोफत प्रवासाची मुभा दिली. या निर्णयाविषयी चेन्नई शहरातील लोकांना काय वाटले, कोणी त्याचे स्वागत केले, कोणी आक्षेप घेतले आणि दोघांच्याही म्हणण्यात किती तथ्य होते, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे. हा एक वैचारिक लेख आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• मोफत बसप्रवासाच्या योजनेचे स्वरूप थोडक्यात सांगू शकाल;
• एकाच प्रश्नाकडे पाहण्याच्या वेगवेगळ्या दृष्टी समजावून घेऊ शकाल;
• तथ्य आणि मत यांतील फरक ओळखू शकाल;
• आकडेवारी वाचताना कोणती सावधगिरी बाळगावी, हे सांगू शकाल;
• सार्वजनिक सेवेविषयी आपले मत मुद्देसूदपणे लिहू शकाल.

मूळ पाठ

१. शहर आणि त्याची बस

चेन्नईचे जुने नाव मद्रास. या शहरात १८९५ साली विजेवर चालणारी ट्राम सुरू झाली. ती १९५३ साली बंद पडली आणि शहराचा भार प्रामुख्याने उपनगरी रेल्वे व बस यांच्यावर आला. १९७२ मध्ये बससेवेसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. कांचीपुरम येथे राजधानी असलेल्या प्राचीन पल्लव राजघराण्याच्या नावावरून त्याला 'पल्लवन' असे नाव देण्यात आले होते. हेच महामंडळ पुढे महानगर परिवहन महामंडळ या नावाने ओळखले जाऊ लागले.

चेन्नईच्या पूर्वेला समुद्र. त्यामुळे शहर वाढले ते उत्तर, पश्चिम आणि विशेषतः दक्षिण दिशेला. शहराच्या मध्यभागातील नदीकाठच्या व समुद्रकाठच्या झोपडपट्ट्यांतील हजारो कुटुंबांचे २००० नंतरच्या काळात दक्षिणेकडील कण्णगी नगर, पेरुम्बाक्कम अशा वसाहतींत पुनर्वसन करण्यात आले. तेथे त्यांना पक्के घर मिळाले. काम मात्र वीस-पंचवीस किलोमीटर मागे राहिले. मैलापूर, अड्यार, टी. नगर या भागांत धुणीभांडी, स्वयंपाक, मुले सांभाळणे अशी कामे करणाऱ्या स्त्रियांना पूर्वी चालत जाता येत असे. आता त्यांना पहाटे उठून बस गाठावी लागू लागली. मिळकतीचा मोठा वाटा तिकिटावर जाऊ लागला. भाडे परवडत नाही म्हणून अनेकींची कामे सुटली.

'कण्णगी' हे नाव येथे लक्षात घेण्याजोगे आहे. 'शिलप्पदिकारम' या प्राचीन तमिळ महाकाव्याची ती नायिका. आपल्या निरपराध पतीला मृत्युदंड देणाऱ्या राजाच्या दरबारात पायातील पैंजण घेऊन ती एकटी उभी राहिली आणि तिने न्याय मागितला. तिचे नाव धारण करणाऱ्या वसाहतीतील स्त्रियांना मात्र दरबारापर्यंतच काय, कामाच्या घरापर्यंत पोहोचणेही महाग झाले होते.

पाठगत प्रश्न १
(अ) चेन्नईतील ट्राम कोणत्या साली बंद पडली?
(आ) पुनर्वसनानंतर स्त्रियांची कामे का सुटली?

२. निर्णयाचे स्वरूप

७ मे २०२१ रोजी मु. क. स्टालिन यांनी तमिळनाडूचे मुख्यमंत्री म्हणून शपथ घेतली. त्याच दिवशी त्यांनी ज्या पहिल्या आदेशांवर स्वाक्षऱ्या केल्या, त्यांत महिलांच्या मोफत बसप्रवासाचा आदेश होता. दुसऱ्या दिवसापासून तो अमलात आला. ही सवलत सर्व गाड्यांना नव्हती. साध्या भाड्याच्या शहरी गाड्यांपुरतीच ती मर्यादित होती. जलद, आरामदायी आणि वातानुकूलित गाड्यांत महिलांना पूर्वीप्रमाणेच पैसे द्यावे लागत. वय, उत्पन्न किंवा व्यवसाय यांची अट मात्र घातली नव्हती. जून २०२१ मध्ये तृतीयपंथी व्यक्ती, दिव्यांग व्यक्ती आणि त्यांचे मदतनीस यांनाही ही सवलत लागू करण्यात आली.

चेन्नईला मोफत प्रवासाची कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. शालेय विद्यार्थ्यांना मोफत पास मिळत असत. २०१६ सालापासून साठ वर्षांवरील नागरिकांना दरमहा ठरावीक संख्येने मोफत प्रवासाची टोकने देण्यात येऊ लागली होती. तथापि, त्या सवलतींसाठी अर्ज करावा लागे, ओळखपत्र दाखवावे लागे. नव्या निर्णयात स्त्रीने बसमध्ये चढावे, एवढेच पुरेसे होते. कागदपत्रांची ही अडचण दूर होणे अशिक्षित आणि स्थलांतरित स्त्रियांच्या दृष्टीने पैशांइतकेच महत्त्वाचे होते.

जुलै २०२१ पासून वाहक मोफत प्रवास करणाऱ्यांनाही तिकीट देऊ लागले. त्यावर रक्कम नसे. पैसेच घ्यायचे नाहीत, तर तिकीट कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. परंतु या कागदाच्या चिटोऱ्याला अर्थ होता. किती जणांनी मोफत प्रवास केला, याची मोजदाद त्यामुळे होऊ लागली. बस चालविण्याचा खर्च काही शून्य होत नाही. डिझेल, सुट्या भागांची झीज, चालक-वाहकांचे पगार हे सारे चालूच असते. प्रवाशाने न दिलेले भाडे राज्य शासनाने महामंडळाला अनुदानरूपाने द्यायचे, अशी ही व्यवस्था होती. म्हणजे शून्य रुपयांचे तिकीट विनामूल्य नसते. त्याचे मूल्य दुसऱ्याच्या खात्यावर मांडलेले असते.

ऑगस्ट २०२२ मध्ये चेन्नईतील अशा काही गाड्यांचे पुढचे व मागचे भाग गुलाबी रंगाने रंगविण्यात आले. मोफत प्रवासाची गाडी लांबून ओळखता यावी, हा त्यामागील हेतू. २०२३ साली या योजनेला 'विडियल पयणम' असे नाव देण्यात आले. त्याचा अर्थ 'पहाटेचा प्रवास'.

पाठगत प्रश्न २
(अ) महिलांना कोणत्या गाड्यांतून मोफत प्रवास करता येत असे?
(आ) पैसे न घेताही तिकीट देण्याचे कारण कोणते?

३. स्वागत करणारे

या बदलाचे स्वागत करणाऱ्यांत अर्थातच कष्टकरी स्त्रियांचा आवाज मोठा होता. राज्य नियोजन आयोगाने नागपट्टिनम, मदुराई आणि तिरुप्पूर या जिल्ह्यांत केलेल्या पाहणीत, या योजनेमुळे एका महिलेची दरमहा सरासरी ८८८ रुपयांची बचत होते, असे आढळले. चार घरची कामे करून काही हजार रुपये मिळविणाऱ्या स्त्रीच्या संसारात ही रक्कम लहान नव्हे. तिच्यातून महिन्याचा गॅस येतो, मुलाच्या वह्या येतात, आजारपणात औषध येते.

पैशांच्या पलीकडचा लाभही लोकांनी बोलून दाखविला. घराबाहेर पडण्यासाठी अनेक स्त्रियांना पतीकडे किंवा मुलाकडे पैसे मागावे लागतात. पैसे मागितले की 'कोठे जायचे?' आणि 'कशासाठी?' हे प्रश्न आलेच. तिकिटाची गरज संपली, तेव्हा या प्रश्नांचा जोरही थोडा कमी झाला. आईला भेटायला जाणे, सरकारी रुग्णालयात वेळेवर दाखविणे, जरा दूरचे पण बऱ्या पगाराचे काम पाहणे, संध्याकाळी मुलांना घेऊन मरीना किनाऱ्यावर जाणे या साध्या गोष्टी आहेत. परंतु ज्याला त्या करता येत नव्हत्या, त्याच्या दृष्टीने त्या साध्या नसतात. पुरुषांच्या बाबतीत आपण ज्याला सहज 'फिरून येणे' म्हणतो, ते स्त्रीच्या बाबतीत एक स्वातंत्र्य असते.

४. आक्षेप घेणारे

आक्षेपही अनेक होते आणि ते सारेच आकसाने घेतलेले नव्हते.

पहिला आक्षेप न्यायाचा. उत्तम पगाराची नोकरी करणारी स्त्री मोफत प्रवास करते आणि तिच्या शेजारी उभा असलेला हमाल किंवा बांधकाम मजूर पैसे देतो, हे कसे योग्य, असे अनेक पुरुषांनी विचारले. यावर समर्थकांचे उत्तर असे की, सवलत साध्या गाड्यांपुरतीच असल्याने ज्यांना गर्दी आणि विलंब सोसणे भाग आहे, त्याच स्त्रिया तिचा मुख्यतः लाभ घेतात. हे उत्तर बऱ्याच अंशी पटण्यासारखे आहे. परंतु गरीब पुरुषाच्या प्रश्नाचे समाधान त्याने होत नाही.

दुसरा आक्षेप पैशांचा. योजना सुरू करताना वर्षाला सुमारे १,२०० कोटी रुपयांचे अनुदान गृहीत धरले होते. २०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पात या योजनेसाठी ३,६०० कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. हा पैसा शेवटी करदात्यांचाच. तो बसवर खर्च झाला, म्हणजे दुसऱ्या कशावर तरी खर्च झाला नाही. शिवाय परिवहन महामंडळे आधीच तोट्यात होती. जानेवारी २०२४ मध्ये तमिळनाडूतील परिवहन कामगारांनी निवृत्तांचा थकीत महागाई भत्ता आणि इतर मागण्यांसाठी संप केला. प्रवाशाला सवलत आणि कामगाराला थकबाकी, असे चित्र कोणत्याही सेवेला भूषणावह नाही.

तिसरा आक्षेप तत्त्वाचा. २०१९ साली दिल्लीत महिलांना मेट्रोचा प्रवास मोफत करण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा दिल्ली मेट्रोच्या उभारणीत प्रमुख वाटा असलेले अभियंते ई. श्रीधरन यांनी त्याला जाहीर विरोध केला. एका गटाला मोफत प्रवास दिला, की इतरही तो मागू लागतील आणि संस्था कोलमडेल. मदतच करायची असेल, तर ती थेट लाभार्थीच्या हाती द्यावी, असे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. मेट्रोचा तो प्रस्ताव मागे पडला. मात्र २९ ऑक्टोबर २०१९ पासून दिल्लीच्या बसगाड्यांत महिलांचा प्रवास मोफत झाला.

५. 'बस मोफत आहे. पण बस आहे का?'

चेन्नईतील सर्वांत बोचरी तक्रार मात्र विरोधकांची नव्हती. ती योजनेचा लाभ घेणाऱ्या स्त्रियांचीच होती. साधी गाडी लवकर येत नाही. तिची वाट पाहत थांबावे, तर कामाला उशीर होतो. म्हणून शेवटी पैसे देऊन जलद गाडीने किंवा शेअर रिक्षाने जावे लागते, असे त्यांचे म्हणणे होते. थांब्यावर केवळ स्त्रियाच उभ्या दिसल्या, की काही चालक गाडी पुढे नेऊन थांबवतात किंवा थांबवतच नाहीत, अशीही तक्रार वारंवार ऐकू आली.

दिव्यांग प्रवाशांनी याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखविली. त्यांना तिकीट माफ झाले. परंतु बसची पायरी उंचच राहिली. चाकाच्या खुर्चीवरील माणसाला ज्या गाडीत चढताच येत नाही, त्या गाडीचे तिकीट शून्य असले काय आणि शंभर असले काय! सर्वांना चढता येईल अशा गाड्या घ्याव्यात, यासाठी चेन्नईतील नागरिकांना न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. ऑगस्ट २०२४ मध्ये शहरात कमी उंचीच्या नव्या गाड्या धावू लागल्या, तेव्हा या दीर्घ प्रयत्नांना काहीसे यश आले.

या तक्रारींतून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. प्रवासाला दोन किमती असतात. एक पैशांची आणि दुसरी वेळेची. पहिली शून्य करणे एका स्वाक्षरीने साधते. दुसरी कमी करायची, तर गाड्या, चालक, आगार आणि वेळापत्रक या सर्वांची जुळणी करावी लागते. ते काम मंद गतीने होते आणि त्याच्या बातम्या होत नाहीत. परंतु तेच झाले नाही, तर वाचलेले पैसे हरवलेल्या वेळेत विरून जातात.

पाठगत प्रश्न ३
(अ) गरीब पुरुषांचा आक्षेप कोणता होता?
(आ) 'प्रवासाला दोन किमती असतात' या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.

६. सन्मानाचा प्रश्न

फुकट मिळणाऱ्या वस्तूसाठी तमिळ बोलीत 'ओसी' असा शब्द आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या कामाच्या टपालावर, ते विनाशुल्क जावे म्हणून, विशिष्ट इंग्रजी अक्षरे लिहीत. त्यांवरून हा शब्द आला, असे सांगितले जाते. 'ओसी'ने प्रवास करणारा म्हणजे फुकट्या, अशी त्यात हेटाळणीची छटा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्यातील एका मंत्र्यांनीच जाहीर कार्यक्रमात महिलांच्या मोफत प्रवासाविषयी बोलताना हा शब्द वापरला आणि मोठी खळबळ उडाली. त्याच सुमारास कोइम्बतूर येथे एका वृद्ध महिलेने, फुकटचा प्रवास नको म्हणून, वाहकाला आग्रहाने पैसे दिल्याचे दृश्य सर्वत्र दाखविले गेले. तो विरोधकांनी घडवून आणलेला प्रकार होता, असाही आरोप झाला. आरोप खरा असो वा नसो, त्या दृश्याने अनेकांच्या मनातील सल उघड केला.

डिसेंबर २०२१ मध्ये कन्याकुमारी जिल्ह्यातील कुळच्चल येथे मासळी विकणाऱ्या एका वृद्ध स्त्रीला, अंगाला वास येतो म्हणून बसमधून उतरविण्यात आले. तिने बसस्थानकावरच मोठ्याने दाद मागितली. मुख्यमंत्र्यांनी या घटनेचा निषेध केला आणि संबंधित कर्मचाऱ्यांना निलंबित करण्यात आले. चेन्नईच्या काशीमेडू बंदरावरून टोपल्या घेऊन निघणाऱ्या मासळीवाल्या स्त्रियांना या घटनेचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. तिकिटाचे पैसे माफ करता येतात. वागणुकीत दिलेला अपमान मात्र माफ करून घेता येत नाही.

मग मोफत प्रवास म्हणजे भीक की हक्क? सरकारी शाळेत जाणारा मुलगा फुकट्या ठरत नाही. सार्वजनिक नळावर पाणी भरणारी स्त्री भिकारी ठरत नाही. रस्त्यावरील दिव्याच्या उजेडात चालणाऱ्याकडे कोणी पैसे मागत नाही. या सेवांचा खर्च समाज मिळून करतो, कारण त्यांचा लाभ शेवटी समाजालाच होतो. बसप्रवासाचा समावेश या यादीत करावा की नाही, हा धोरणाचा प्रश्न आहे. त्यावर मतभेद असू शकतात. परंतु एकदा तो निर्णय झाल्यावर त्या बसमध्ये बसणारी व्यक्ती ही याचक नसून नागरिक असते, याविषयी मतभेद असण्याचे कारण नाही. शिवाय साबणापासून चपलेपर्यंत विकत घेतलेल्या पुष्कळ वस्तूंतून गरीब माणूसही कर भरत असतो, हे विसरता कामा नये.

७. इतर ठिकाणचे अनुभव

मोफत किंवा सवलतीच्या प्रवासाचा प्रयोग चेन्नईपुरता राहिला नाही. कर्नाटकाने ११ जून २०२३ पासून आणि तेलंगणाने ९ डिसेंबर २०२३ पासून महिलांसाठी मोफत बसप्रवास सुरू केला. महाराष्ट्राने थोडी वेगळी वाट धरली. राज्य परिवहन महामंडळाच्या गाड्यांत ७५ वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना भाड्यात पन्नास टक्के सवलत देण्यात आली. अर्धे तिकीट घेणारी स्त्री काही रक्कम स्वतः देते. त्यामुळे महामंडळाच्या गल्ल्यात रोख पैसा येत राहतो. मात्र ज्या स्त्रीजवळ अर्ध्या तिकिटाचेही पैसे नसतात, ती थांब्यावरच राहते. प्रत्येक वाटेला असे दोन काठ असतात.

एस्टोनिया या छोट्या युरोपीय देशाची राजधानी टॅलिन येथे २०१२ साली नागरिकांचे मतदान घेण्यात आले. बहुमताचा कौल मिळाल्यावर २०१३ पासून तेथील नोंदणीकृत रहिवाशांना शहरातील सार्वजनिक वाहतूक मोफत झाली. लक्झेंबर्ग या देशाने २०२० पासून देशभरातील सार्वजनिक वाहतूक मोफत केली. उलट बेल्जियममधील हॅसेल्ट या शहराने १९९७ साली सुरू केलेली मोफत बससेवा २०१३ साली, खर्च झेपेना म्हणून, आटोपती घेतली. म्हणजे मोफत सेवा सुरू करणे शक्य आहे, टिकविणे अवघड आहे आणि टिकवायची की नाही हे लोकांना विचारणेही शक्य आहे.

८. समारोप

तमिळनाडू शासनाने २०२२ मध्ये सांगितले की, योजनेनंतर साध्या गाड्यांतील प्रवाशांत महिलांचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांवरून साठ टक्क्यांच्या पुढे गेले. हा आकडा आनंददायक आहे. परंतु जागरूक वाचक त्यापुढे दोन प्रश्न विचारील. स्त्रियांची संख्या वाढली म्हणून प्रमाण वाढले, की पुरुष कमी झाले म्हणून? आणि वाढलेल्या प्रवाशांच्या मानाने गाड्या वाढल्या का? आकडे खोटे नसतात. पण ते स्वतःहून सर्व काही सांगतही नाहीत.

नागरिकांच्या मतांचे मोल येथेच आहे. कार्यालयातील अधिकाऱ्याला किती तिकिटे दिली गेली, ते समजते. किती बायका थांब्यावरून हताश होऊन परत फिरल्या, ते समजत नाही. ते फक्त थांब्यावर उभी असलेली स्त्रीच सांगू शकते. तिने ते सांगावे आणि व्यवस्थेने ते ऐकावे. वाहकाने दिलेला तो कागदाचा तुकडा शून्य रुपयांचा असला, तरी तो एक करार असतो. त्यात नागरिकाला नेण्याचे वचन असते. ते वेळेवर आणि सन्मानाने पाळले गेले, तरच त्या शून्याला किंमत येते.

शब्दार्थ

मुभा – परवानगी
अनुदान – शासनाकडून मिळणारे अर्थसाहाय्य
मोजदाद – गणना
तरतूद – पूर्वनियोजित व्यवस्था. राखून ठेवलेली रक्कम
आकस – मनातील द्वेष, अढी
भूषणावह – शोभा देणारे
आगार – बसगाड्या ठेवण्याचे व दुरुस्त करण्याचे ठिकाण
सल – मनाला टोचणारे दुःख
याचक – मागणारा, भिक्षा मागणारा

भाषाभ्यास

तथ्य आणि मत : ज्या विधानाची सत्यता पडताळून पाहता येते, ते तथ्य. उदा. 'महाराष्ट्राने १७ मार्च २०२३ पासून महिलांना भाड्यात सवलत दिली.' ज्या विधानातून बोलणाऱ्याचा दृष्टिकोन व्यक्त होतो, ते मत. उदा. 'हे उत्तर बऱ्याच अंशी पटण्यासारखे आहे.' चांगल्या वैचारिक लेखात मत हे तथ्यावर उभे असते.

उभयान्वयी अव्यये : परंतु, तथापि, शिवाय, म्हणून, मात्र हे शब्द विचारांना जोडतात किंवा वळण देतात. पाठात ते कोठे आले आहेत, ते शोधा आणि ते काढून टाकल्यास अर्थात काय फरक पडतो, ते पाहा.

तुम्ही काय शिकलात?

• तमिळनाडूत मे २०२१ पासून साध्या शहरी बसगाड्यांत महिलांना मोफत प्रवास मिळू लागला. त्याचा खर्च शासनाने अनुदानातून उचलला.
• या योजनेने कष्टकरी स्त्रियांचे पैसे वाचले आणि त्यांचे बाहेर पडणे सुकर झाले.
• न्याय, खर्च आणि तत्त्व या तीन दृष्टींनी तिच्यावर आक्षेप घेण्यात आले.
• भाडे माफ करणे पुरेसे नाही. पुरेशा गाड्या, सोयीची पायरी आणि सन्मानाची वागणूकही हवी.
• सेवेचे खरे मूल्यमापन तिचा उपयोग करणाऱ्यांच्या अनुभवातून होते.

स्वाध्याय

१. कण्णगीच्या कथेचा उल्लेख पाठात कोणत्या हेतूने केला आहे, ते सांगा.
२. चेन्नईची मोफत योजना आणि महाराष्ट्रातील अर्ध्या तिकिटाची सवलत यांची तुलना करा.
३. ८८८ रुपयांच्या बचतीचा आकडा चेन्नईला जसाच्या तसा लागू करता येईल का? पाठाच्या आधारे सकारण लिहा.
४. पुढील विधाने तथ्य आहेत की मत, ते ओळखा :
(क) चेन्नईत १८९५ साली ट्राम सुरू झाली.
(ख) मोफत सेवा टिकविणे अवघड आहे.
(ग) ऑगस्ट २०२२ मध्ये काही गाड्यांचे भाग गुलाबी रंगविण्यात आले.
५. तुमच्या गावातील किंवा शहरातील बसथांब्यावर अर्धा तास थांबून पाहा. किती गाड्या आल्या, किती थांबल्या, कोण चढू शकले नाही, याची नोंद करा. त्या आधारे आगार व्यवस्थापकांना विनंतिपत्र लिहा. पत्रात आधी तथ्ये द्या, मग मागणी करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) १९५३ साली. (आ) कामाची ठिकाणे दूर गेली आणि रोजचे बसभाडे परवडेनासे झाले, म्हणून.
२. (अ) साध्या भाड्याच्या शहरी गाड्यांतून. (आ) मोफत प्रवास करणाऱ्यांची मोजदाद व्हावी, म्हणून.
३. (अ) चांगली मिळकत असलेली स्त्री मोफत प्रवास करते आणि गरीब मजुराला मात्र पैसे द्यावे लागतात, हा. (आ) प्रवासासाठी पैशांबरोबर वेळही खर्च होतो. तिकीट माफ झाले, तरी गाडी वेळेवर न आल्यास प्रवाशाचे नुकसान होतेच.